३३५५०३३६ च्या कसोटीवर: संख्यांचे गुणधर्म सांगणाऱ्या ऑनलाइन सेवा

एखादी पूर्णांक संख्या चौकटीत टंकायची, बटण दाबायचे आणि क्षणभरात तिचे मूळ अवयव, विभाजक, विभाजकांची बेरीज, द्विमान रूप आणि ती कोणकोणत्या वर्गांत मोडते यांची लांबलचक यादी समोर यावी, अशा मोफत सेवा आता बऱ्याच उपलब्ध आहेत. त्यांचा साचा इतका एकसारखा आहे की एकीचे परीक्षण हे बहुतेक सगळ्यांचे परीक्षण ठरते, म्हणून येथे कोणत्याही एका सेवेचे नाव न घेता या प्रकारच्या सेवेविषयीच लिहिले आहे. कसोटीसाठी निवडलेली संख्या आहे ३३५५०३३६. ती आठ अंकी आहे, म्हणजे संगणकासाठी अगदीच किरकोळ. परंतु तिच्याविषयी खरे सांगण्यासारखे इतके काही आहे की सेवा नुसती आकडेमोड करते की संख्या समजावून देते, हे तिच्यावरून लगेच उघड होते.

आकडेमोडीबद्दल तक्रारीला जागा नाही. ३३५५०३३६ चे मूळ अवयव पाडले की २ चा १२ वा घात, म्हणजे ४०९६, आणि ८१९१ ही मूळ संख्या मिळते. विभाजक एकूण २६ आहेत: १ पासून ४०९६ पर्यंतचे २ चे तेरा घात आणि त्या प्रत्येकाला ८१९१ ने गुणून येणाऱ्या आणखी तेरा संख्या. सर्व विभाजकांची बेरीज ६७१००६७२ येते, जी ३३५५०३३६ च्या बरोबर दुप्पट आहे. आणि ३३५५०३३६ पेक्षा लहान असून तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे तिच्यासह १ खेरीज एकही समान विभाजक नसलेल्या, संख्या १६७७३१२० आहेत. हे सगळे आकडे मी हाताने पडताळून पाहिले आणि ते बरोबर निघाले. उत्तर पापणी लवायच्या आत येते, आणि या आकाराच्या संख्येला तेवढाच वेळ लागायला हवा.

अडचण सुरू होते ती वर्गीकरणाच्या यादीपासून. त्या यादीत ही संख्या परिपूर्ण असल्याची नोंद आहे, त्रिकोणी असल्याची आहे, षट्कोनी असल्याची आहे, तिच्या विभाजकांचा हरात्मक मध्य (त्यांच्या व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) पूर्णांक असल्याची आहे, आणि तिच्या द्विमान रूपातील एकांची संख्या मूळ असल्याचीही आहे. प्रत्येक नोंदीपुढे सारख्याच आकाराची हिरवी खूण असते. वाचणाऱ्याला वाटते की या एका संख्येच्या अंगी इतके सगळे निरनिराळे योगायोग एकवटले आहेत. प्रत्यक्षात यात योगायोग एकही नाही, कारण या सगळ्या खुणा एकाच गोष्टीच्या सावल्या आहेत: ही संख्या ४०९६ गुणिले ८१९१ आहे, ८१९१ म्हणजे २ च्या १३ व्या घातातून १ वजा केलेली संख्या आहे, आणि ती मूळ आहे. एवढे एक वाक्य पानाच्या माथ्यावर असते, तर निम्मी यादी वाचण्याची गरजच उरली नसती.

परिपूर्णतेचेच पाहू. जिच्या स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते ती संख्या परिपूर्ण. येथे १ पासून ४०९६ पर्यंतच्या २ च्या घातांची बेरीज ८१९१ होते; उरलेल्या विभाजकांतून संख्या स्वतः वगळली, तर ८१९१ ला १ पासून २०४८ पर्यंतच्या घातांनी गुणून येणाऱ्या संख्या राहतात आणि त्यांची बेरीज ८१९१ गुणिले ४०९५ होते; दोन्ही मिळवले की ८१९१ गुणिले ४०९६, म्हणजे ३३५५०३३६ परत हाती येते. ही दोन ओळींची सिद्धता युक्लिडच्या नवव्या ग्रंथातील ३६ व्या प्रमेयाचे सार आहे. प्रत्येक सम परिपूर्ण संख्येची घडण अशीच असली पाहिजे, ही उलट बाजू ऑयलरने सिद्ध केली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर १८४९ मध्ये प्रसिद्ध झाली. सेवेच्या पानावर मात्र एवढेच असते: ‘परिपूर्ण: होय’.

त्रिकोणी असणे हेही याच घडणीत दडलेले आहे, कारण १ पासून ८१९१ पर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज ८१९१ गुणिले ८१९२ भागिले २ होते आणि ८१९२ चे निम्मे ४०९६ आहे. कोणत्याही संख्येला तिच्या दुपटीपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येने गुणले की षट्कोनी संख्या मिळते. ४०९६ ची दुप्पट वजा १ म्हणजे ८१९१, म्हणून तोही वर्ग आपोआप लागू होतो. १ चा घन, ३ चा घन, ५ चा घन असे करत १२७ च्या घनापर्यंत पहिल्या ६४ विषम संख्यांच्या घनांची बेरीज घेतली तरी ३३५५०३३६ च येते. हा गुणधर्म मला सर्वांत देखणा वाटतो, आणि नेमका तोच मी पाहिलेल्या बहुतेक याद्यांत नव्हता. द्विमान पद्धतीत ही संख्या लिहिली की आधी सलग तेरा वेळा एक आणि मग सलग बारा वेळा शून्य येते. हे रूप पाहिल्यावर वेगळे स्पष्टीकरण लागू नये, कारण २ च्या २५ व्या घातातून १२ वा घात वजा करणे म्हणजेच हे: ३३५५४४३२ वजा ४०९६. काही सेवा हे रूप दाखवतात, पण मधे दर चार अंकांनंतर जागा सोडून ते असे तोडतात की तेरा एकांची सलग रांग डोळ्यांना दिसतच नाही.

हरात्मक मध्याची नोंद थोडी जास्त लक्ष देण्याजोगी आहे. २६ विभाजकांचा हरात्मक मध्य नेमका १३ येतो, म्हणजे पूर्णांक. त्याच विभाजकांची साधी सरासरी मात्र ६७१००६७२ भागिले २६, म्हणजे सुमारे २५८०७९५.०८ येते आणि ती पूर्णांक नाही. यादीत एकीपुढे ‘होय’ आणि दुसरीपुढे ‘नाही’ अशा दोन खुणा एकमेकींपासून दूर पडलेल्या असतात. वास्तविक कोणत्याही संख्येच्या विभाजकांची साधी सरासरी आणि हरात्मक मध्य यांचा गुणाकार ती संख्याच असते. त्यामुळे येथे सरासरी म्हणजे ३३५५०३३६ भागिले १३, आणि या संख्येला १३ ने भाग जात नसल्यामुळे ती पूर्णांक असूच शकत नाही. दोन नोंदी शेजारी ठेवून एक दुवा दिला असता तर वाचकाच्या हाती काहीतरी आले असते.

नकारार्थी उत्तरांकडे या सेवा जे दुर्लक्ष करतात, ते मला अधिक खटकले. ‘दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडणी’ या रकान्यात एका सेवेने आडवी रेघ दिली होती आणि ‘तीन वर्गांची बेरीज’ हा रकाना चक्क रिकामा सोडला होता. रिकामा रकाना पाहून वापरणाऱ्याने काय समजायचे: उत्तर शोधले नाही, सापडले नाही, की अस्तित्वातच नाही? येथे तिसरा पर्याय खरा आहे आणि तो सिद्ध करता येतो. ८१९१ ला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते आणि ही मूळ संख्या अवयवांत एकदाच येते, म्हणून दोन वर्गांची बेरीज अशक्य. तीन वर्गांसाठी लजांद्रचे प्रमेय लागते: ४ च्या एखाद्या घाताला ८ ने भागल्यास ७ बाकी उरणाऱ्या संख्येने गुणून जी संख्या मिळते, ती तीन वर्गांच्या बेरजेत मांडता येत नाही, आणि अशा संख्या सोडून बाकी सगळ्या मांडता येतात. ३३५५०३३६ म्हणजे ४ चा ६ वा घात गुणिले ८१९१, आणि ८१९१ ला ८ ने भागल्यास बाकी ७. म्हणजे ही त्या अल्पसंख्य संख्यांपैकी आहे ज्यांना पूर्ण चार वर्ग लागतातच. चार नेहमी पुरतात हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले. मांडणी शोधणेही कठीण नाही. ९०, ९, ३ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज ८१९१ होते, म्हणून प्रत्येकाला ६४ ने गुणून ५७६०, ५७६, १९२ आणि ६४ यांच्या वर्गांची बेरीज ३३५५०३३६ मिळते. चार वर्गांचा रकाना बहुतेक सेवांत नसतोच, आणि ही उणीव मी साधी मानत नाही, कारण ‘करता येत नाही’ हे संख्येबद्दलचे तितकेच ठाम विधान आहे.

ओघात ८१९१ बद्दलही सांगायला हवे, कारण अवयवावर टिचकी मारून त्याच्या पानावर जाण्याची सोय या सेवांत असते आणि ती मला मनापासून आवडली. ८१९१ द्विमान पद्धतीत तेरा एकांनी लिहिली जाते आणि ९० या पायात तीन एकांनी, कारण ९० चा वर्ग अधिक ९० अधिक १ बरोबर ८१९१. दोन वेगवेगळ्या पायांत, आणि दोन्हीकडे किमान तीन वेळा, केवळ १ हाच अंक वापरून लिहिता येणाऱ्या संख्या आतापर्यंत दोनच माहीत आहेत: ३१ आणि ८१९१. तिसरी नाही, हे अनुमान अजून सिद्ध झालेले नाही. शिवाय ८१९१ ही मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणारी मूळ संख्या, असूनही २ च्या ८१९१ व्या घातातून १ वजा केल्यास येणारी प्रचंड संख्या मूळ नाही.

अंकांवर आधारलेल्या गुणधर्मांचा विभाग या सेवांचा सर्वांत फुगलेला भाग आहे. दशमान पद्धतीत लिहिले म्हणूनच दिसणारे आणि आठ किंवा सोळा हा पाया घेतला की नाहीसे होणारे गुणधर्म आणि संख्येचे स्वतःचे गुणधर्म एकाच यादीत मिसळून टाकणे ही मला या साच्याची मूळ चूक वाटते. ३३५५०३३६ च्या अंकांची बेरीज २८ येते आणि २८ स्वतः परिपूर्ण आहे. एका पानावर ही गोष्ट ठळक अक्षरांत होती, पण तिच्यामागे काहीही नाही, ती गंमत म्हणूनच घ्यावी. २८ ने या संख्येला भाग जात नाही (बाकी ८ उरते), म्हणून ती द. रा. कापरेकरांनी नाव दिलेल्या हर्षद संख्यांत बसत नाही. कापरेकरांच्याच स्वयंभू संख्यांतही ती नाही, कारण तिला जनक आहे: ३३५५०३१३ च्या अंकांची बेरीज २३, आणि ती त्या संख्येत मिळवली की ३३५५०३३६ येते. दुसरा जनक नाही. हा जनक दाखवणारी सेवा मला एकच आढळली. बाकीच्यांनी ‘स्वयंभू: नाही’ एवढ्यावर भागवले. अंकांच्या वर्गांची बेरीज वारंवार घेत गेल्यास १२२, ९, ८१, ६५, ६१, ३७, ५८, ८९ अशी साखळी पुढे फिरतच राहते आणि १ पर्यंत कधी पोहोचत नाही, म्हणून ती ‘आनंदी’ संख्याही नाही. या वर्गाचे महत्त्व याहून अधिक नाही.

या विभागात एक नोंद मात्र वरवर अंकांची दिसते आणि आत प्रमेय बाळगून असते. अंकांची बेरीज करत एक अंक उरेपर्यंत गेलो तर २८ चे १० आणि १० चा १ होतो, म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी १. सहा सोडून प्रत्येक सम परिपूर्ण संख्येच्या बाबतीत हेच घडते. कारण अशी संख्या त्रिकोणी असते आणि ज्या संख्येपर्यंत बेरीज घेतली (येथे ८१९१) तिला ३ ने भागल्यास बाकी १ राहते. अशा प्रत्येक त्रिकोणी संख्येला ९ ने भागले की बाकी १ च येते. म्हणजे विभाग चुकला म्हणून एक खरी गोष्ट करमणुकीच्या रकान्यात जाऊन बसली, आणि २८ ची निव्वळ गंमत ठळक छापली गेली.

इतिहासाचा भाग अगदी तुटपुंजा असतो. ‘पाचवी परिपूर्ण संख्या’ यापलीकडे क्वचितच काही मिळते. या संख्येपुरते ते अन्यायाचे आहे. सुमारे इ. स. १०० मध्ये ग्रीक गणिती निकोमॅकसला ६, २८, ४९६ आणि ८१२८ या चारच परिपूर्ण संख्या ठाऊक होत्या, आणि त्यांवरून अशी समजूत रुजली की प्रत्येक अंकसंख्येला एक याप्रमाणे या संख्या येतात आणि त्यांचे शेवटचे अंक आलटून पालटून ६ व ८ असतात. पाचवी संख्या पाच अंकी नव्हे तर आठ अंकी निघाली आणि पहिली समजूत तिनेच मोडली. दुसरी सहाव्या संख्येने मोडली, कारण ८५८९८६९०५६ च्या शेवटीही ६ च आहे. तेराव्या शतकात इस्माईल इब्न फल्लूस याने दिलेल्या यादीत पहिल्या सात परिपूर्ण संख्या अचूक होत्या, म्हणजे ३३५५०३३६ त्यात आली. युरोपात ती १४५६ ते १४६१ या काळातील एका निनावी हस्तलिखितात सापडते. १५३६ मध्ये रेगियसने २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २३ गुणिले ८९, अर्थात ती मूळ नाही, हे दाखवून ११ हा घातांक का सुटतो ते स्पष्ट केले, आणि कताल्दीने १६०३ मध्ये सहावी आणि सातवी संख्या पक्की केली. १३ हा घातांक यायच्या आधी ११ अडखळतो म्हणूनच चौथ्या आणि पाचव्या संख्येत इतके मोठे अंतर पडले आहे. गुणधर्मांच्या यादीला ही एक ओळ जोडणे कोणत्याही सेवेला जड जाऊ नये.

इतिहास आणि संदर्भ हवे असतील तर पूर्णांक श्रेणींचा ऑनलाइन विश्वकोश अधिक उपयोगी पडतो. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला हा संग्रह १९९६ पासून ऑनलाइन आहे. तेथे एकटी संख्या शोधली की ती ज्या ज्या श्रेणींत नोंदलेली आहे त्या श्रेणी समोर येतात, आणि परिपूर्ण संख्यांच्या श्रेणीच्या पानावर व्याख्या, सूत्रे, टिपणे, संदर्भ आणि परस्पर दुवे इतके आहेत की तेवढ्यावर एक संध्याकाळ सहज जाईल. त्याची रीत मात्र उलटी आहे. तो श्रेणीकडून संख्येकडे येतो, आणि श्रेणीतील सुरुवातीच्या काही संख्याच तेथे दिसत असल्यामुळे मनात आलेली कोणतीही बारा अंकी संख्या टाकून तिची पूर्ण माहिती मिळेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. प्रसिद्ध संख्येसाठी तो, आणि वाटेल त्या संख्येसाठी गुणधर्म सांगणारी सेवा, अशी वाटणी मी करेन.

संख्या मोठी झाली की सेवांमधला खरा फरक दिसू लागतो. पहिली चाचणी मी सर्वांना सुचवेन ती ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या टाकून पाहण्याची. ती २ च्या ५३ व्या घातापेक्षा एकने मोठी, अर्थातच विषम, आणि अंकांची बेरीज ७८ असल्यामुळे ३ ने भाग जाणारी आहे. आतील गणित ब्राउझरच्या साध्या संख्या-प्रकारात होत असेल तर शेवटचा ३ बदलून २ होतो, आणि सेवा ती संख्या सम असल्याचे पूर्ण आत्मविश्वासाने सांगते. असे घडले तर त्या सेवेवरचा विश्वास तेथेच संपतो. दुसरी गोष्ट मूळ संख्यांच्या दाव्याची. शे-दोनशे अंकी संख्येबद्दल ‘मूळ’ असे उत्तर येते तेव्हा ते बहुतेक वेळा मिलर-राबिन प्रकारच्या, शक्यतेवर आधारलेल्या चाचणीचे असते आणि ‘बहुधा मूळ’ असे छापणे प्रामाणिकपणाचे ठरते. अंकसंख्या वाढली तरी लागणारा वेळ घातांकी वेगाने फुगू न देता निश्चित उत्तर देणारी पद्धत कानपूरच्या आयआयटीतील अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली खरी, पण प्रत्यक्ष वापरात ती संथ पडते. अवयव पाडण्याचे काम तर याहून फार कठीण. आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे दोन अवयव २०२० मध्ये सापडले ते हजारो संगणक-वर्षांच्या श्रमानंतर, त्यामुळे मोफत सेवेने अशा संख्येपुढे हात टेकले तर तो दोष नव्हे. दोष असतो तो ‘संयुक्त आहे, अवयव अज्ञात’ असे स्पष्ट न लिहिता चक्र फिरवत ठेवण्यात.

गृहपाठाची उत्तरे पडताळणारा विद्यार्थी, कोडी रचणारा शिक्षक किंवा एखादी संख्या मनात घर करून बसलेला हौशी वाचक, यांच्यासाठी ही सेवा उपयोगी आहे आणि आकडेमोडीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. वर्गीकरणाला मात्र दोनच्या वर जाता येत नाही. सुधारणा करणाऱ्याने आधी नवे वर्ग जोडणे थांबवावे. संख्येचे स्वतःचे गुणधर्म, अंकलेखनामुळे आलेले गुणधर्म आणि एका गुणधर्मातून आपोआप निघणारे गुणधर्म असे तीन कप्पे करावेत, आणि प्रत्येक ‘नाही’ पुढे एका ओळीचे कारण द्यावे. हे होईपर्यंत यादीतील कोणतीही हिरवी खूण इतरत्र उद्धृत करण्याआधी अवयवांच्या ओळीकडे परत जाऊन ती तेथून निघते का हे स्वतः तपासलेले बरे. ३३५५०३३६ साठी या तपासणीला कागदाचे अर्धे पान पुरते.